छंदाचा ‘कोल्ड स्टार्ट’: सुटलेली चित्रकला पुन्हा सुरू करताना फोनचा उपयोग कसा करायचा?

फोनवरचं एखादं ॲप बऱ्याच दिवसांनी उघडून बघा. आयकॉनवर टॅप केलं की आधी लोगो, मग रिकामा स्क्रीन, मग गोल फिरणारं चक्र, आणि त्यानंतर कुठे काम सुरू होतं. तेच ॲप दोन मिनिटांपूर्वी वापरून बाजूला केलेलं असेल तर टॅप करताच समोर हजर! फोन तोच, ॲप तेच. मग फरक कशामुळे पडतो?

या प्रश्नाचं उत्तर तांत्रिक आहे, आणि ते समजून घेतलं तर आणखी एक कोडं सुटतं. शाळेत आवडीने जपलेला एखादा छंद आपल्याला पुन्हा सुरू करायचा असतो, मनापासून करायचा असतो, तरी तो सुरू का होत नाही? आपण याला आळस म्हणतो. मला वाटतं, बऱ्याचदा अडचण आळसाची नसते, स्टार्टअपची असते. हा लेख चित्रकलेबद्दल आहे, कारण तो माझा छंद आहे. पण तुमची पेटी असो, तबला असो, कविता असो की विणकाम, हिशोब तोच लागू पडतो.

कोल्ड, वॉर्म आणि हॉट

अँड्रॉइडमध्ये ॲप सुरू होण्याचे तीन प्रकार मानले जातात.

पहिला कोल्ड स्टार्ट. ॲपचं मेमरीत काहीच शिल्लक नसतं. सिस्टिमला त्याच्यासाठी नवीन प्रोसेस तयार करावी लागते, ॲपचा कोड लोड करावा लागतो, मुख्य स्क्रीन बांधावा लागतो आणि मग तो रंगवावा लागतो. सगळं पहिल्यापासून.

दुसरा वॉर्म स्टार्ट. इथे काही भाग मेमरीत असतो, काही पुन्हा बांधावा लागतो. उदाहरणार्थ, प्रोसेस जिवंत आहे पण स्क्रीन नव्याने तयार करायचा आहे.

तिसरा हॉट स्टार्ट. सगळं मेमरीत तयार असतं, फक्त पुढे आणायचं.

गूगलने डेव्हलपरांसाठी मर्यादा दिल्या आहेत: कोल्ड स्टार्टला ५ सेकंद किंवा जास्त, वॉर्मला २ सेकंद किंवा जास्त आणि हॉटला १.५ सेकंद किंवा जास्त लागले तर ॲप ‘फार हळू’ सुरू होतंय असं समजायचं. म्हणजे कोल्ड स्टार्टला वेळ लागणार हे गूगलनेही गृहीत धरलेलं आहे. त्याला कुणी ॲपचा आळस म्हणत नाही.

आणि ॲप मेमरीतून जातं का? कारण मेमरी मर्यादित असते. तुम्ही दुसरी ॲप वापरत राहिलात की सिस्टिम जुन्यांना बाहेर काढते. तो काही ॲपवरचा राग नसतो. जागा हवी असते, एवढंच.

दहावीनंतर मेमरीतून गेलेली गोष्ट

महाराष्ट्रात शिकलेल्या बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा दिलेल्या असतात. कला संचालनालयाच्या या शासकीय रेखाकला परीक्षा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन हे शब्द वाचून काही जणांना पोस्टर कलरचा वास आला असेल! इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे घरचेही म्हणायचे, “दे बाई परीक्षा, मार्क मिळतात.”

मार्क मिळाले. मग अकरावी, सीईटी, इंजिनिअरिंग, नोकरी. चित्रकलेवर कुणी बंदी घातली नाही. दुसऱ्या गोष्टींना जागा लागली आणि ती मेमरीतून बाहेर गेली. माझंही असंच झालं, आणि माझ्या वर्गातल्या बहुतेकांचं.

आता दहा वर्षांनी एखाद्या रविवारी वाटतं, चित्र काढूया. पण त्यासाठी काय काय लोड करावं लागतं ते बघा. रंग सुकलेत का? ब्रश कुठे आहेत? कागद कुठला आणायचा? काय काढायचं? आधी यूट्यूबवर बेसिक बघून घेऊ का? टेबलावरचा लॅपटॉप कुठे ठेवू? आणि चांगलं नाही आलं तर? एवढं सगळं लोड होईपर्यंत अर्धा तास जातो. तेवढ्यात हातातला फोन एक रील दाखवतो, आणि रीलचा तर कायम हॉट स्टार्ट असतो.

इथे स्पर्धा चित्रकला आणि रील यांच्यात नाहीच. अर्ध्या तासाचा कोल्ड स्टार्ट आणि एका सेकंदाचा हॉट स्टार्ट यांच्यात आहे. इच्छाशक्तीने ही स्पर्धा एखादा रविवार जिंकता येते, रोज नाही. त्यामुळे इच्छाशक्ती वाढवण्यापेक्षा स्टार्टअपचा वेळ कमी करणं जास्त सोपं आणि जास्त टिकणारं आहे.

आधी ‘पहिली फ्रेम’ दिसू द्या

ॲपचा वेग मोजताना आम्ही दोन वेगळ्या वेळा बघतो. एक, टॅप केल्यापासून स्क्रीनवर पहिली फ्रेम दिसेपर्यंतचा वेळ. दोन, सगळा मजकूर येऊन ॲप पूर्ण वापरण्याजोगं होईपर्यंतचा वेळ. चांगलं ॲप पहिली फ्रेम लवकर दाखवतं आणि जड गोष्टी नंतर, गरज पडेल तशा आणतं. याला लेझी लोडिंग म्हणतात. नाव आळशी असलं तरी युक्ती हुशार आहे.

छंदात पहिली फ्रेम म्हणजे पहिली रेघ. मोजायचं एवढंच: “काढूया” असं मनात आल्यापासून कागदावर पहिली रेघ पडेपर्यंत किती वेळ गेला? हा आकडा १० सेकंदांच्या आत आणायचा. बाकी सगळं, म्हणजे रंग, चांगला कागद, ऑनलाइन कोर्स, पर्स्पेक्टिव्हचे नियम, हे लेझी लोड करायचं. गरज पडेल तेव्हा.

त्यासाठी मी जे केलं ते अगदी साधं आहे. खिशात मावेल अशी कोऱ्या पानांची स्वस्त वही आणि तिच्यात अडकवलेलं एक काळं बॉलपेन. वही महाग नको, कारण महाग वहीचं पहिलं पान कुणालाच खराब करायचं नसतं. पेन्सिल आणि खोडरबरही नको, कारण खोडरबर असला की पहिली रेघ पाच वेळा काढली जाते. वही कपाटात नाही, तर जिथे फोन चार्जिंगला लावते तिथे ठेवली. फोन उचलायला हात जातो तेव्हा आधी वही दिसते.

काय काढायचं हेही आधीच ठरलेलं हवं, नाहीतर तो निर्णय घेण्यातच दोन मिनिटं जातात. मी नियम केला: हाताला सगळ्यात जवळ असलेली वस्तू. चहाचा कप, चार्जरची पिन, चपलेचा जोड, लसूण, कुकरची शिट्टी. वेळ दोन मिनिटं. फोनवर टायमर लावायचा आणि टायमर वाजला की चित्र अर्धवट असलं तरी थांबायचं. पुढे काढावंसं वाटलं तर काढा, पण ती सक्ती नाही.

दोन मिनिटांत काय होणार, असं वाटेल. दोन मिनिटांत चित्र सुधारत नाही, खरं आहे. पण छंद मेमरीत राहतो. उद्याचा स्टार्ट कोल्ड नसून वॉर्म होतो. लहान पावलाचं काम एवढंच, आणि ते फार मोठं काम आहे.

अलार्म लावू नका, खूण ठरवा

बहुतेक जण पहिल्या दिवशी रात्री ९ चा रिमाइंडर लावतात. तीन दिवस तो चालतो, चौथ्या दिवशी आपण मीटिंगमध्ये किंवा लोकलमध्ये असतो आणि बोट आपोआप ते नोटिफिकेशन बाजूला सारतं. आठवड्याभरात रिमाइंडर बघून सारणं हीच सवय लागते.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये एका लेखात ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ अशा प्रकारच्या ठरावांबद्दल मांडणी केली. नुसतं “मी चित्र काढणार” असं म्हणण्यापेक्षा कधी, कुठे आणि कशानंतर हे नेमकं ठरवलं तर ते प्रत्यक्षात होण्याची शक्यता वाढते, असं त्यांचं म्हणणं. स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग यांचीही ‘टायनी हॅबिट्स’ पद्धत याच्याच जवळची: रोज नक्की घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला नवी छोटी सवय बांधायची.

प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर घड्याळावर चालणाऱ्या कामापेक्षा घटनेवर चालणारं काम जास्त भरवशाचं. “चहा गॅसवर ठेवला की वही उघडायची.” चहा उकळायला तेवढा वेळ लागतोच, आणि एरवी त्या वेळात आपण फोनच बघतो. कुणासाठी ही खूण डबा खाऊन झाल्यानंतरची असेल, कुणासाठी बसमध्ये खिडकीची जागा मिळाल्यावरची. घटना तुमच्या दिवसात खरोखर रोज घडणारी हवी, एवढी एकच अट.

फोनची मांडणी बदला

फोन फेकून द्या, असं मी सांगणार नाही. मी स्वतः देत नाही. पण पाच मिनिटं सेटिंगमध्ये घालवली तर फरक पडतो.

अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम ही सोय २०१८ मध्ये आली. दोन्हींत एखाद्या ॲपला रोजची वेळेची मर्यादा लावता येते. अँड्रॉइडवर मर्यादा संपली की त्या ॲपचा आयकॉन करडा होतो आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा चालू होतो. ही भिंत नाही, सेटिंगमध्ये जाऊन ती काढता येते. पण काढायला चार टॅप लागतात. म्हणजे आपण रीलचा हॉट स्टार्ट थोडा थंड केला. वही जवळ आणणं आणि रील लांब नेणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

दुसरं, होम स्क्रीनच्या पहिल्या पानावरून स्क्रोल करायला लावणारी ॲप काढा. डिलीट करू नका, फक्त पहिल्या पानावरून हलवा. बोटाला पाठ झालेली जागा रिकामी झाली की एक क्षण थांबायला होतं. त्या जागी कॅमेरा किंवा टायमर ठेवा.

तिसरं, त्या दोन मिनिटांसाठी डू नॉट डिस्टर्ब. सुरुवातीला हे जास्तीचं वाटतं, पण मान खाली घालून रेघ ओढताना वर आलेला एक मेसेज सगळी प्रोसेस बंद पाडतो.

कॅमेरा: फुकटचा चित्रकला शिक्षक

इथे फोन खरोखर कामाला येतो. चार गोष्टी करून बघा.

एक, चौकटी. शाळेत चित्र मोठं करताना आपण मूळ चित्रावर आणि कागदावर सारख्या चौकटी आखायचो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड लाइन्स चालू केल्या की स्क्रीनवर नऊ चौकटी दिसतात. त्या फोटोत उमटत नाहीत, पण गॅलरीत फोटो क्रॉप करायला घेतला की बऱ्याच फोनवर तशाच रेषा पुन्हा दिसतात. कागदावर फिकट नऊ चौकटी आखा आणि कपाचा कान कुठल्या चौकटीत येतो ते बघा. प्रमाण चुकण्याची निम्मी भीती इथेच जाते.

दोन, कृष्णधवल. फोटो एडिटमध्ये मोनो फिल्टर लावा. रंग गेले की फक्त उजेड आणि सावली उरते. लाल टोमॅटो आणि हिरवी मिरची रंगाने कितीही वेगळी असली तरी कृष्णधवलमध्ये जवळजवळ सारखीच करडी दिसू शकतात. चित्र ‘सपाट’ का वाटतं, याचं उत्तर बऱ्याचदा इथे मिळतं. शाळेत सर डोळे बारीक करून बघायला सांगायचे, ते याचसाठी.

तीन, अंतर. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. वस्तूच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढला तर पुढचा भाग फुगलेला आणि मागचा आखडलेला दिसतो. फोटोवरून काढणार असाल तर दोन पावलं मागे जा आणि २एक्स झूम वापरा. आकार डोळ्यांना दिसतो त्याच्या जास्त जवळ येईल.

चार, आरशाची बाजू. काढलेल्या चित्राचा फोटो घ्या आणि एडिटमध्ये आडवा उलटा करा. डोळ्यांना सवय झालेला तिरकेपणा लगेच दिसतो. खरं तर चित्रकारांची ही जुनी युक्ती आहे, पूर्वी त्यासाठी आरसा लागायचा.

फोटो घेताच त्यासोबत तारीख आणि वेळ आपोआप साठवली जाते. रोजच्या चित्राचा फोटो एका वेगळ्या अल्बममध्ये टाकत गेलं की काही न लिहिता नोंदवही तयार होते. फक्त एक लक्षात ठेवा: लोकेशन चालू असेल तर जागाही साठवली जाते. नको असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद करा.

कागद की स्क्रीन?

“मग थेट फोनवरच का काढू नये?” हा प्रश्न हमखास येतो. काढा ना! आयबिस पेंट किंवा स्केचबुक यांसारखी ॲप फोनवर चालतात आणि सुरुवातीला पैसे मोजावे लागत नाहीत. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद, हे एकदा कळलं की खूप काही जमतं.

पण दोन मर्यादा माहीत असाव्यात. फोनचा स्क्रीन कपॅसिटिव्ह असतो, म्हणजे बोटामुळे विद्युतक्षेत्रात होणारा बदल तो ओळखतो. बाजारात मिळणारे साधे स्वस्त स्टायलस बोटाचीच नक्कल करतात, म्हणून त्यांचं टोक जाड असतं आणि दाब कमी-जास्त केला तरी रेघ तशीच येते. सॅमसंगच्या एस पेनसारखे पेन वेगळ्या तंत्रावर चालतात, त्यांना दाब कळतो, पण त्यासाठी तसा फोन किंवा टॅबलेट लागतो. हौस म्हणून पहिल्याच महिन्यात ही खरेदी करू नका. ती लेझी लोडिंगच्या यादीत टाका.

दुसरी मर्यादा अनडू बटणाची. अनडू कितीही वेळा करता येतं, त्यामुळे पहिली रेघच पुन्हा पुन्हा काढली जाते. आणि तिसरी न सांगता कळते: फोनवर काढताना सगळं जग त्याच काचेमागे बसलेलं असतं. म्हणून पहिला महिना वही आणि बॉलपेन, आणि फोन फक्त टायमर आणि कॅमेरा म्हणून.

स्ट्रीक तुटली तर?

सवयीच्या ॲपमध्ये स्ट्रीक नावाचा आकडा असतो: सलग किती दिवस. तो आत कसा चालतो? अगदी साधं. रोज केलं की एक मिळवा, एक दिवस चुकला की आकडा शून्य करा. शेवटचा नियम निसर्गाचा नाही, तो कुणीतरी लिहिलेला आहे. तुम्ही परत यावं म्हणून लिहिलेला. तो कडक वाटतो हे बनवणाऱ्यांनाही माहीत असतं. म्हणूनच ड्युओलिंगोसारख्या ॲपमध्ये स्ट्रीक फ्रीझची सोय आली.

अडचण अशी की २३ दिवसांनंतर एक दिवस ताप आला आणि आकडा शून्य झाला, तर आपल्यालाही शून्य झाल्यासारखं वाटतं. हातात तर २३ चित्रं असतात!

याबाबत युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास वाचण्यासारखा आहे. त्यांनी ९६ जणांना रोजच्या ठरावीक प्रसंगाला जोडलेली एक साधी कृती १२ आठवडे करायला सांगितली. ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात याचा अंदाज प्रत्येकासाठी वेगळा निघाला: १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. मधला आकडा ६६ दिवस. म्हणजे ‘२१ दिवसांत सवय लागते’ हा फॉरवर्ड विसरा. आणि जास्त महत्त्वाचं म्हणजे, एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

म्हणून मी सलग दिवस मोजत नाही, एकूण चित्रं मोजते. वहीच्या कोपऱ्यात फक्त अनुक्रमांक. १, २, ३... हा आकडा कधीच कमी होत नाही. गणपतीत चार दिवस काही काढलं नाही तर ४१ नंतर पाचव्या दिवशी ४२ येतो. बस्स.

पोस्ट करायची घाई कशाला?

पहिल्या आठवड्यात स्टेटसला टाकावंसं वाटणं साहजिक आहे. पण सोशल मीडियाचं अल्गोरिदम तुमची रेघ मोजत नाही. लोक किती थांबले, किती जणांनी लाइक केलं, शेअर केलं हे संकेत ते बघतं. तुमचं ३० वं चित्र पहिल्यापेक्षा खूप चांगलं असूनही त्याला कमी लाइक मिळू शकतात, कारण त्या वेळी क्रिकेटची मॅच चालू होती. चुकीचं मोजमाप हातात घेऊन प्रगती बघितली तर नाउमेद व्हायला होतं. पहिली ३० चित्रं फक्त अल्बममध्ये ठेवा. दाखवायचंच असेल तर एखाद्या मैत्रिणीला दाखवा, आणि तीही काढत असेल तर फारच उत्तम.

एकत्र काढण्याची मजा वेगळीच असते. अर्बन स्केचर्स ही प्रत्यक्ष जागी बसून चित्र काढणाऱ्यांची चळवळ २००७ मध्ये सिअ‍ॅटलमधले पत्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी फ्लिकरवरच्या एका ग्रुपपासून सुरू केली. आज जगभर तिचे गट आहेत आणि भारतातल्या शहरांतही लोक रविवारी वही घेऊन बाहेर पडतात.

एआय असताना हाताने का काढायचं?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. एक वाक्य लिहिलं की एआय काही सेकंदांत चित्र देतं. यातली अनेक मॉडेल आधी नुसता ठिपक्यांचा गोंगाट घेतात आणि तो पायरीपायरीने साफ करत चित्र बनवतात. निकाल बघून थक्क व्हायला होतं. चित्र हवं एवढंच असेल तर आपण हरलोच.

पण चित्र काढणाऱ्याला चित्राशिवाय आणखीही काहीतरी मिळतं. माझं सतरावं चित्र आजोबांच्या अडकित्त्याचं आहे. त्यांच्या पितळी पानाच्या डब्यात तो असतो, लहानपणापासून शेकडो वेळा बघितलेला. काढायला बसले तेव्हा पात्याची कड सरळ येईना. तीनदा बघितलं. पातं मधोमध आत गेलेलं होतं, चंद्रकोरीसारखं.

“आजी, हा असाच होता का गं?”

“छे! सरळ होतं पातं. दर दिवाळीला धार लावून आणायचे. झिजून झिजून निम्मं झालं, तेव्हा मीच म्हटलं, आता पुरे. दातही उरले नाहीत नि पातंही!”

त्या डब्याचे माझ्या फोनमध्ये निदान दहा फोटो आहेत. एकाही फोटोने मला हा प्रश्न विचारायला लावलं नव्हतं. फोटो काढताना आपण बघितलं नाही तरी चालतं. रेघ काढताना बघावंच लागतं. घरातल्या जुन्या वस्तू आणि त्या वापरलेली माणसं आपल्याकडे किती दिवस आहेत, सांगता येत नाही. मला वाटतं, दोन मिनिटांचा छंद परत आणण्याचं याहून मोठं कारण शोधायची गरज नाही. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. तो आता मी वेगळ्याच नजरेने बघते.

चार आठवड्यांचा आराखडा

पहिला आठवडा: दोन मिनिटं, बॉलपेन, हाताजवळची वस्तू. चांगलं-वाईट ठरवायचं नाही. फक्त स्टार्टअपचा वेळ बघायचा.

दुसरा आठवडा: तेवढाच वेळ, पण एकच वस्तू तीन दिवस वेगवेगळ्या बाजूंनी. उरलेले दिवस चौकटींची युक्ती.

तिसरा आठवडा: पाच मिनिटं. मोनो फिल्टर लावून सावल्या ओळखा आणि पेनच्या तिरप्या रेघांनी फक्त गडद भाग भरा. एक दिवस स्मरणचित्र: सकाळी बघितलेली वस्तू संध्याकाळी न बघता काढा.

चौथा आठवडा: आता हवा असेल तर एक रंग आणा. एकच. आणि एकदा घराबाहेर बसून काढा, चहाच्या टपरीवर किंवा स्टेशनच्या बाकावर. शेवटच्या दिवशी पहिलीच वस्तू पुन्हा काढा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा.

एखाद्या आठवड्यात जमलं नाही तर पुढे जाऊ नका, तोच आठवडा पुन्हा करा. आणि खूपच कंटाळा आला असेल त्या दिवशी पाच मिनिटांवरून परत दोन मिनिटांवर या, किंवा नुसती एक रेघ काढा. नेटवर्क कमी असलं की व्हिडिओ कॉल बंद पडू नये म्हणून चित्राचा दर्जा उतरवला जातो, कॉल चालू राहतो. तसंच.

तुमचा छंद पेटीचा असेल तर ती कपाटाच्या वरून खाली आणा, खोक्यातून बाहेर काढा आणि वर नुसतं कापड टाका. तानपुऱ्याचं ॲप होम स्क्रीनवर ठेवा आणि रोज फक्त सा लावा. लिहायचं असेल तर नोट्स ॲपचं विजेट ठेवा आणि रोज दोन ओळी. विणकाम असेल तर सुईवर टाके घालून ठेवलेलं काम डोळ्यांसमोर राहू द्या. प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच विचारायचा: मनात आल्यापासून पहिली रेघ, पहिला सूर, पहिला शब्द किंवा पहिला टाका पडेपर्यंत मध्ये काय काय येतं? त्यातली एक गोष्ट आज काढून टाका. बाकीच्या उद्या बघू.